टोपलीतला पैसा कोणाचा?

इसवीसनपूर्व ७० साली रोममध्ये एक खटला गाजत होता. सिसिलीचा सुभेदार म्हणून तीन वर्षं त्या बेटाला नागवून परतलेला व्हेरेस आरोपी होता आणि त्याच्याविरुद्ध उभा होता नामांकित वक्ता आणि वकील सिसेरो. सिसेरो त्याच उन्हाळ्यात निवडणुकीलाही उभा होता. तो पडला की खटल्यातला त्याचा जोर ओसरेल, असा व्हेरेसच्या गोटाचा हिशेब. मग सिसिलीतून आलेल्या पैशाच्या टोपल्या एका सिनेटरकडून एका धनिकाकडे हलल्या. त्यांतल्या दहाएक मात्र सिनेटरकडेच राहिल्या, सिसेरोच्या निवडणुकीची सोय म्हणून. मतदारांच्या गटागटांत पैसे वाटणं हाच धंदा असलेली माणसं रोममध्ये होती. त्यांना रात्री बोलावणं गेलं. सिसेरो तरीही निवडून आला आणि त्याने भर न्यायसभेत ही सगळी हकीकत सांगून टाकली. त्या भाषणात टोपलीसाठी त्याने वापरलेला लॅटिन शब्द आहे ‘फिस्कस’.

पुढे हाच शब्द रोमन सम्राटाच्या तिजोरीचं नाव झाला. त्यातून इंग्रजीत ‘फिस्कल’ आला आणि त्याला आपण ‘राजकोषीय’ हा भारदस्त पर्याय घडवला. दर एक फेब्रुवारीला अर्थमंत्री राजकोषीय तूट अमुक टक्के असल्याचं जाहीर करतात, त्या आकड्याच्या मुळाशी काड्यांनी विणलेली एक टोपली आहे.

मराठी माणसाला याचं फार नवल वाटू नये. लाखाला ‘पेटी’ आणि कोटीला ‘खोका’ म्हणणारी मुंबईची बोली आपल्या कानांवरून रोज जाते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधी आमदारांनी ‘पन्नास खोके, एकदम ओके’च्या घोषणा दिल्या, तेव्हा खोका म्हणजे काय हे राज्यातल्या कोणालाही समजावून सांगावं लागलं नाही. आरोप ज्यांच्यावर होता त्यांनी तो फेटाळला आणि तो कुठे सिद्धही झालेला नाही. इथे त्याचा निवाडा करायचा नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. ज्या पैशाची पावती नसते त्याची ओळख आकड्याने होत नाही, भांड्याने होते. दहा टोपल्या म्हणजे नेमके किती सेस्टर्स (हे रोमन नाणं), हे सिसेरोलाही सांगता आलं नाही.

मुळात फिस्कस ही शेतातली वस्तू. ऑलिव्ह ठेचून त्यांचा लगदा या विणलेल्या टोपल्यांत भरायचा, टोपल्या घाण्याखाली दाबायच्या, म्हणजे तेल फटींतून पाझरतं आणि चोथा आत राहतो. इटलीतल्या जुन्या पद्धतीच्या घाण्यांवर या कामाच्या विणलेल्या चकत्यांना अजून ‘फिस्कोली’ म्हणतात. टोपली कुठली घ्यावी याबद्दल रोमन शेतकरी चोखंदळ होता. थोरल्या केटोने शेतीवरच्या ग्रंथात घाण्याच्या टोपल्यांसाठी कापुआसारखी गावं नावानिशी सांगून ठेवली आहेत. याच शब्दाचं लडिवाळ रूप ‘फिस्केला’, म्हणजे चीज निथळत ठेवायची दुरडी. व्हर्जिलच्या शेवटच्या गोपगीताच्या अखेरीला कवी बसल्या बसल्या जी दुरडी विणतो ती हीच. नाणी वाहून न्यायला अशी टोपली सोयीची, म्हणून ती पैशाची टोपली झाली. आपल्याकडे पोत्याचा प्रवास काही वेगळा नाही. शिवकालीन बारा महालांच्या, म्हणजे खात्यांच्या, यादीत ‘पोते’ हा एक महाल आहे. पोते म्हणजे खजिना, आणि तो सांभाळणारे पोतदार व पोतनीस आजही आपल्या आडनावांत आहेत.

पण रोममध्ये सार्वजनिक पैशासाठी वेगळं नाव आणि वेगळी जागा आधीपासून होती. ‘एरारियम’ हा रोमन जनतेचा खजिना. तो फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, कॅपिटोलिन टेकडीच्या पायथ्याशी सॅटर्नच्या देवळात असे. त्या देवळाचे आठ खांब अजून उभे आहेत. किल्ल्या निवडून आलेल्या अधिकाऱ्यांकडे, खर्चाची मंजुरी सिनेटची. इसवीसनपूर्व ४९ मध्ये सीझरला युद्धासाठी पैसा हवा होता. त्याला हा खजिना सैनिकांच्या बळावर उघडावा लागला आणि मेटेलस नावाचा लोकनियुक्त अधिकारी त्याच्या आडवा आला. सीझरने त्याला धमकावून बाजूला केलं. पण आडवं यायला तिथे कोणीतरी होतं, आणि दार फोडलं जातंय हे साऱ्या शहराला दिसत होतं.

त्याचा वारस ऑगस्टस जास्त हुशार निघाला. त्याने दार फोडलं नाही. त्याने शेजारी आपली टोपली ठेवली.

इसवीसनपूर्व २७ मध्ये प्रांतांची वाटणी झाली. जिथे फौज होती ते बहुतेक प्रांत ऑगस्टसकडे आले आणि इजिप्त तर त्याआधीच त्याच्या खास ताब्यात होता. तिथे त्याच्या परवानगीवाचून सिनेटरने पाऊलही ठेवायचं नाही. या प्रांतांतला पैसा त्याचे स्वतःचे कारभारी सांभाळत. लॅटिनमध्ये त्यांना ‘प्रोक्युरेटर’ म्हणत. हा मूळचा खासगी व्यवहारातला शब्द, एखाद्या सावकाराचा मुनीम असावा तसा. राज्याचा महसूल अशा रीतीने एका घरच्या मुनिमांच्या हाती गेला. तो जिथे साठत असे त्या टोपल्यांना कोणी मुद्दाम नाव दिलं नाही. ऑगस्टसच्या मृत्यूच्या वेळच्या कागदांबद्दल लिहिताना सम्राटांचा चरित्रकार सुएटोनियस हा शब्द अनेकवचनात वापरतो: एरारियममध्ये किती, ‘टोपल्यांमध्ये’ किती आणि थकबाकी किती. अनेक टोपल्यांची एक टोपली व्हायला आणि तिला संस्थेचं रूप यायला आणखी काही दशकं लागली.

ऑगस्टस उधळ्या नव्हता, चोर तर नव्हताच. उलट त्याने आपल्या पैशातून चार वेळा सार्वजनिक खजिन्याला मदत केली, पंधरा कोटी सेस्टर्सची, आणि हे त्याने स्वतःच्या कार्यवृत्तांतात कोरून ठेवलं. निवृत्त सैनिकांसाठी इसवी सन ६ मध्ये वेगळा खजिना उघडला तेव्हा त्यात सतरा कोटी घातले. माणूस सज्जन म्हणून त्याचं कौतुक करायला काही हरकत नाही. मला खटकतं ते दुसरंच. राज्याच्या खजिन्याला एका माणसाकडून देणगी घ्यावी लागते आणि त्या माणसाची टोपली राज्याच्या खजिन्यापेक्षा भरलेली असते, तेव्हा सत्ता कोणाकडे आहे हा प्रश्न सुटलेला असतो. कॅसियस डियो हा नंतरचा इतिहासकार, स्वतः सिनेटर आणि कॉन्सल राहिलेला. ऑगस्टसने रस्त्यांवर केलेला खर्च सार्वजनिक पैशातला होता की खासगी, हे आपल्याला वेगळं काढता येत नाही अशी कबुली त्याने दिली आहे. नावापुरते दोन खजिने वेगळे, खर्च मात्र दोन्हींतून त्याच्याच मर्जीने, असं त्याचं निरीक्षण.

तरीही ऑगस्टसने एक गोष्ट केली, जी त्याच्या वारसांना जड गेली. तो हिशेब प्रसिद्ध करत असे. मरताना त्याने मागे ठेवलेल्या कागदांत साम्राज्याचा गोषवारा होता, आणि शेवटी ज्यांच्याकडून हिशेब मागता येईल अशा मुक्त गुलामांची व गुलामांची नावं जोडलेली होती. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका हुकूमशहाने कोणाला विचारायचं ते नावानिशी लिहून ठेवलं. त्याच्यामागून सम्राट झालेल्या तिबेरियसने हिशेब प्रसिद्ध करणं थांबवलं. त्यानंतरच्या कॅलिग्युलाने ते पुन्हा सुरू केलं, हा त्याच्या नावावर जमा असलेल्या मोजक्या चांगल्या कामांपैकी एक. म्हणजे हिशेब दाखवणं ही दर सम्राटागणिक बदलणारी मेहेरबानी होती. सिनेटला तो मागण्याचा हक्क नव्हता, कारण टोपली ‘त्याची’ होती.

पुढे काय झालं ते कॅलिग्युलानंतरच्या सम्राट क्लॉडियसच्या दरबारात पाहावं. त्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख पॅलस, एके काळचा गुलाम. इसवी सन ५२ मध्ये सिनेटने त्याला दीड कोटी सेस्टर्स आणि सन्मानचिन्हं देऊ केली. क्लॉडियसने कळवलं की पॅलस फक्त मान स्वीकारील आणि आपल्या पूर्वीच्या गरिबीतच राहील. तीस कोटींच्या धन्याच्या साधेपणाची अशी स्तुती सिनेटच्या ठरावात ब्राँझवर कोरली गेली. इतिहासकार टॅसिटस हे एवढ्या कोरडेपणाने सांगतो की हसू आवरत नाही. पुढे अर्धशतकाने धाकटा प्लिनी हा लेखक आणि सिनेटर एका रस्त्यावरून जाताना पॅलसच्या थडग्यावरचा मजकूर वाचून इतका भडकला की त्याने त्यावर दोन पत्रं लिहिली. क्लॉडियस एकदा फिस्कसमध्ये पैसा नाही म्हणून कुरकुरत होता, तेव्हा लोक म्हणाले, तुझ्या दोघा नोकरांनी तुला भागीदार करून घेतलं तर ती ओसंडून वाहील. त्या दोघांतला एक पॅलस.

पण खरी गंमत इसवी सन ५५ मधली. क्लॉडियसनंतरच्या नीरोने पॅलसला पदावरून दूर केलं. जाताना पॅलसने अट घातली की मागच्या कोणत्याही गोष्टीची चौकशी होणार नाही आणि राज्याबरोबरचा आपला हिशेब चुकता समजला जाईल. अट मान्य झाली. सार्वजनिक पैसा हाताळणारा माणूस ‘हिशेब बरोबर आहे असं समजा’ म्हणाला आणि साम्राज्याने ते समजून घेतलं. सात वर्षांनी नीरोने त्याला विष देऊन मारवलं. म्हातारा फार दिवस जगतोय आणि एवढी संपत्ती अडकून पडलीय, हे कारण. जिथे लेखापरीक्षण नसतं तिथे त्याचं काम शेवटी विष करतं.

नीरोचंच एक वाक्य मला याहून महत्त्वाचं वाटतं. आधीच्या सम्राटांनी उत्पन्नाबाहेर खर्च केला म्हणून तो त्यांना नावं ठेवतो आणि वर सांगतो की मी दरवर्षी सहा कोटी सेस्टर्स राज्याला देणगी देतो. कर प्रांतांतल्या शेतकऱ्याचा, वाटेत टोपली सम्राटाची, आणि पोहोचताना त्याचं नाव ‘देणगी’. भाषेचा हा खेळ आपल्याला परका नाही. महाराष्ट्रात २०२४ मध्ये महिलांना दरमहा दीड हजार रुपये देणारी योजना सुरू झाली. योजना चांगली की वाईट हा स्वतंत्र वाद आहे. मला तीत दोष दिसतात, तसंच ज्या घरांत त्या पैशाने गॅसचा सिलिंडर आला त्यांचं समाधानही दिसतं. पण तो पैसा ‘ओवाळणी’ म्हणून, ‘भाऊबीज’ म्हणून पोहोचवला गेला. भाऊबीज भाऊ स्वतःच्या खिशातून घालतो. हा पैसा विधिमंडळाने मंजूर केलेला, राज्याच्या एकत्रित निधीतून आलेला, आणि त्यात ओवाळणाऱ्या बहिणीने साबण-काडेपेटीवर भरलेला करही आहे. ज्याचे पैसे आहेत त्यालाच उपकार मानायला लावणं, हे नीरोला जमलं तसं सगळ्याच पक्षांच्या सरकारांना जमतं. फलकांवरचे चेहरे तेवढे बदलतात.

कायद्याच्या भाषेतही हा बदल पायरीपायरीने उतरला. नीरोच्या काळातला तत्त्वज्ञ सेनेका म्हणतो, सारं काही सम्राटाचं आहे, पण त्याच्या फिस्कसमध्ये फक्त त्याचं खासगी तेवढं आहे. म्हणजे सत्ता वेगळी, मालकी वेगळी, हा भेद त्याला अजून दिसत होता. दीडशे वर्षांनंतरचा कायदेपंडित उल्पियन लिहितो की फिस्कसच्या वस्तू जणू सम्राटाच्या स्वतःच्या आणि खासगीच आहेत. ‘जणू’ या एका शब्दात त्या वकिलाची सारी अडचण मावली आहे. खासगी म्हणावं तर त्यातून सैन्याचा पगार जातो, सार्वजनिक म्हणावं तर त्याचा जाब कोणी विचारू शकत नाही. आधुनिक अभ्यासकांतही यावर भांडण झालं. फर्गस मिलर यांनी १९६३ मध्ये मांडलं की फिस्कस ही सम्राटाची खासगी संपत्तीच होती. तीन वर्षांनी पी. ए. ब्रंट यांनी उत्तर दिलं की नाही, सम्राटाच्या हाताखालचा सार्वजनिक पैसाही त्या नावात येत होता. मला वाटतं, हा वाद पूर्ण मिटत नाही हाच मोठा पुरावा आहे. ज्या व्यवस्थेत दोन हजार वर्षांनीही पैसा कोणाचा हे ठरत नाही, ती व्यवस्था तशीच ठेवण्यात कोणाचा तरी फायदा होता.

टोपली मोठी झाली तशी तिची भूकही वाढली. दंड, बेवारस मालमत्ता, शिक्षा झालेल्यांची इस्टेट, सगळं तीत पडू लागलं. इंग्रजीत मालमत्ता जप्त करण्याला ‘कॉन्फिस्केट’ हा जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ ‘टोपलीत घालणं’ असाच. खबऱ्यांना वाटा मिळे, त्यामुळे खबऱ्यांचं पीक आलं. जेरुसलेमचं देऊळ इसवी सन ७० मध्ये उद्ध्वस्त केल्यावर व्हेस्पासियनने ज्यू लोक त्या देवळाला देत असलेला दोन द्राख्माचा वार्षिक कर रोमच्या ज्युपिटरकडे वळवला. त्यासाठी वेगळी टोपली झाली, ‘फिस्कस युदाइकस’. डोमिशियनच्या काळात ही वसुली इतकी क्रूर झाली की सुएटोनियसने आपल्या तरुणपणी पाहिलेला एक प्रसंग लिहून ठेवला आहे: भरगच्च न्यायसभेत एका नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्याचे कपडे उतरवून त्याची सुंता झाली आहे का ते तपासलं गेलं. कर चुकवला की नाही हे ठरवायला. इसवी सन ९६ मध्ये नर्व्हाने सत्तेवर येताच खजुराच्या झाडाचं चित्र असलेलं नाणं पाडलं आणि त्यावर ही खोट्या आरोपांची वसुली बंद केल्याचं जाहीर केलं.

याच काळात न्यायाधीशांच्या मनात काय चालत असेल याची झलक प्लिनीने सम्राट ट्रेजनच्या केलेल्या स्तुतीत मिळते. तो म्हणतो, तुझ्या राज्यात फिस्कस वारंवार खटला हरते, आणि फिस्कसची बाजू लंगडी ठरते ती फक्त चांगल्या राजाच्या काळातच. खुशामतीच्या भाषणात एवढं खरं वाक्य क्वचितच सापडतं. त्याहून धीट मला मोडेस्टिनस वाटतो, तिसऱ्या शतकातला कायदेपंडित: संशय असेल तिथे फिस्कसच्या विरुद्ध मत देणारा काही गुन्हा करत नाही, असं त्याने लिहिलं. ‘गुन्हा करत नाही’ हे सांगावं लागत होतं, यावरून हवा कशी होती ते समजतं.

आता याला एक प्रामाणिक उत्तर आहे आणि ते टाळून चालणार नाही. शासकाची खासगी थैली कधीकधी सरकारी खजिन्यापेक्षा लवकर आणि चांगली कामं करते. आपल्याकडे याचं सर्वांत मोठं उदाहरण अहिल्याबाई होळकर. होळकरांकडे ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन हिशेब होते. खासगीचं उत्पन्न राणीच्या हाती असे, आणि त्याची सुरुवात बाजीराव पेशव्यांनी १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना दिलेल्या जहागिरीपासून झाली. काशीपासून रामेश्वरपर्यंतची देवळं, घाट, धर्मशाळा अहिल्याबाईंनी या खासगीतून उभारल्या आणि दौलतीच्या पैशाला त्यासाठी हात लावला नाही. हा भेद इतका काटेकोर पाळणारा राज्यकर्ता त्या शतकात दुसरा दाखवणं अवघड आहे. पण अहिल्याबाई गेल्यावर काय? त्या मालमत्तेसाठी पुढे इंदूरला न्यास झाला, मालमत्तांच्या विक्रीवरून वाद न्यायालयात गेले, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा सार्वजनिक न्यास आहे, मध्य प्रदेशच्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली त्याची नोंदणी झाली पाहिजे. अहिल्याबाईंच्या हातात ज्या हिशेबाला पहारेकऱ्याची गरज पडली नाही, त्यालाही दोन शतकांनी पहारेकरी नेमावा लागला. चांगला माणूस हा व्यवस्थेचा भाग धरता येत नाही.

रोममध्येही एक असा होऊन गेला. इसवी सन १९३ मध्ये सम्राट झालेल्या पर्टिनॅक्सने शाही मालमत्तांवर आपलं नाव कोरू दिलं नाही, त्या जनतेच्या आहेत म्हणाला. तीन महिन्यांच्या आत त्याच्याच अंगरक्षक दलाने त्याला मारलं आणि मग साम्राज्याचा चक्क लिलाव पुकारला. डिडियस ज्युलियानसने दर सैनिकामागे पंचवीस हजार सेस्टर्स बोलून तो जिंकला.

आपल्या घटनाकारांना हा रोमन इतिहास डोळ्यांपुढे होता की नव्हता, ठाऊक नाही. संस्थानिकांच्या खासगीचा इतिहास मात्र नक्की होता. अनुच्छेद २६६ ने सरकारला मिळणारा सारा महसूल आणि घेतलेली सारी कर्जं एका ‘एकत्रित निधी’त टाकायला लावली. अनुच्छेद ११४ प्रमाणे संसदेच्या विनियोजन कायद्याशिवाय त्यातून पैसा निघत नाही, आणि ‘कॅग’ म्हणजे महालेखापरीक्षक त्याचं परीक्षण करून अहवाल संसदेपुढे पाठवतो. ही व्यवस्था कंटाळवाणी आहे, मंद आहे आणि मला ती फार मोलाची वाटते.

तिच्या शेजारी टोपल्या ठेवण्याची सवय मात्र आपल्याला पहिल्यापासून आहे. १९४८ च्या जानेवारीत, फाळणीच्या निर्वासितांसाठी, नेहरूंच्या आवाहनावरून पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी सुरू झाला. त्याचंही परीक्षण कॅग करत नाही. आज अशा निधींवरून ओरडणाऱ्या काँग्रेसजनांनी हे आठवावं. २०२० च्या मार्चअखेर, करोनाच्या पहिल्या आठवड्यांत, ‘पीएम केअर्स’ उभा राहिला. पदसिद्ध अध्यक्ष पंतप्रधान, विश्वस्त संरक्षण, गृह आणि अर्थमंत्री. पहिल्या पाच दिवसांत ३,०७६ कोटी रुपये जमा झाले. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात पंतप्रधान कार्यालयाकडून सांगण्यात आलं की हा भारत सरकारचा निधी नाही, त्यातला पैसा एकत्रित निधीत जात नाही. माहितीचा अधिकार त्याला लागू नाही, अशी भूमिका. त्याआधी, ऑगस्ट २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयानेही हा स्वेच्छेच्या देणग्यांचा सार्वजनिक न्यास असल्याने कॅगच्या परीक्षणाचा प्रसंग येत नाही, असं म्हटलं होतं. कायद्याच्या चौकटीत ते बसत असेल. पण नावात पंतप्रधान, विश्वस्त मंडळात मंत्री, आणि हिशेबाच्या वेळी मात्र खासगी, हे उल्पियनच्या ‘जणू’पेक्षा वेगळं कसं, ते मला अजून कोणी समजावलेलं नाही.

‘स्वेच्छेच्या देणग्या’ या शब्दांवर थोडं थांबू. ऑगस्टसला शेवटच्या वीस वर्षांत मित्रांच्या मृत्युपत्रांतून एकशे चाळीस कोटी सेस्टर्स मिळाले, आणि तेही स्वेच्छेनेच. कॅलिग्युलाच्या काळात लोकांनी भीतीपोटी त्याला वारस नेमलं. नेमूनही जे मरत नव्हते, त्यांनी आपली थट्टा चालवली आहे म्हणून त्यांतल्या बऱ्याच जणांना त्याने विषारी मिठाई पाठवली. आपल्याकडे मिठाईची पद्धत सुदैवाने सौम्य आहे. एप्रिल २०२० मध्ये केंद्राच्या महसूल विभागाने परिपत्रक काढलं की दरमहा एक दिवसाचा पगार निधीला जाईल, कोणाची हरकत असेल तर त्याने लेखी कळवावं, आपला कर्मचारी क्रमांक लिहून. हरकत लेखी आणि क्रमांकासह, संमती मात्र गप्प बसूनही चालेल! सार्वजनिक कंपन्यांनी कोटीकोटींचे धनादेश दिले. त्या कंपन्यांची मालकी कोणाची, तर सरकारची, म्हणजे तुमची-माझी. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात पीएम केअर्सची देणगी धरली जाईल पण मुख्यमंत्री निधीची नाही, हेही त्याच महिन्यात स्पष्ट करण्यात आलं. त्यामुळे राज्यांच्या टोपल्यांकडे येणारा मोठा ओघ दिल्लीकडे वळला. देणारा स्वेच्छेने देतो, पण उतार कोणत्या बाजूला ठेवायचा हे घेणारा ठरवतो.

हिशेबाबाहेरच्या टोपल्या फक्त देणग्यांच्याच असतात असं नाही. अन्न महामंडळाला अनुदानाऐवजी अल्पबचतीच्या निधीतून कर्ज द्यायचं, म्हणजे अनुदान अर्थसंकल्पात दिसत नाही आणि तूट कमी भासते, ही युक्ती आपल्याकडे कित्येक वर्षं चालली. २०२१ च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी ती थांबवली आणि ही कर्जं हिशेबात घेतली. २०२०-२१ च्या तुटीचा सुधारित अंदाज ९.५ टक्क्यांवर जाण्यामागे महामारीबरोबर हेही एक कारण होतं. टीका झाली, शेअर बाजार मात्र त्या दिवशी उसळला. लपवलेली टोपली उघड केल्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. (अर्थसंकल्पाचं इंग्रजी नावही एका चामडी पिशवीवरून आलं आहे. गॉल लोकांच्या पिशवीला लॅटिनमध्ये ‘बुल्गा’ म्हणत, तिथून फ्रेंच वाटेने ते ‘बजेट’ झालं. सत्तेच्या शब्दकोशात पिशव्या आणि टोपल्या जरा जास्तच आहेत.)

माझी मागणी फार मोठी नाही. ज्या न्यासाचा अध्यक्ष किंवा विश्वस्त कोणी मंत्री पदामुळे होतो, तो न्यास सार्वजनिक प्राधिकरण धरावा. त्याचं परीक्षण कॅगने करावं, वार्षिक हिशेब संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या पटलावर यावा, आणि ठरावीक रकमेपुढच्या देणगीदारांची नावं उघड व्हावीत. हाच नियम पंतप्रधान मदत निधीला, हाच राज्यांतल्या मुख्यमंत्री निधीला, सत्तेवर कोणीही असो.

यावर नेहमीचा आक्षेप येतो की आपत्तीत वेळ नसतो, संसदेची वाट पाहत बसलं तर माणसं मरतात. आक्षेप खोटा नाही, पण त्याचं उत्तर घटनेतच आहे. अनुच्छेद २६७ खाली आकस्मिकता निधी आहे. सरकारला त्यातून आधी खर्च करता येतो आणि संसदेची मंजुरी मागून घेता येते. राज्यांनाही आपापला असा निधी ठेवण्याची मुभा आहे आणि महाराष्ट्र तो वापरतो. केंद्राच्या या निधीची मर्यादा पाचशे कोटींची होती. २०२१ मध्ये, करोनाच्या अनुभवानंतर, याच सरकारने ती तीस हजार कोटींवर नेली.